सुपातले चिंचोके

पऱ्हाटीला बोंडे फुटली की आमच्या अंजनगावच्या हवेत सरकीचा एक कोरडा, किंचित तेलकट वास भरतो. तो नाकाला कमी आणि घशाला अधिक जाणवतो. रस्त्याकडेच्या बाभळींना गाड्यांतून निसटलेल्या कापसाचे पुंजके लटकतात, तुरीला पिवळी फुले येतात, आणि परतवाड्याच्या बाजूने येणाऱ्या टेम्पोंतून सातपुड्यातल्या कोरकू बाया वेचणीसाठी खाली उतरू लागतात. गेल्या आठवड्यात असाच एक टेम्पो चौकात थांबला. बाया उतरल्या, पोरे उतरली, पाण्याच्या कॅनी, काळी पडलेली भांडी आणि पायाला सुतळी बांधलेली एक कोंबडी उतरली. मी पोस्टाकडे निघालो होतो. हातातले पाकीट हातातच राहिले आणि त्या चेहऱ्यांत मी एक चेहरा शोधू लागलो.

हा शोध दर हंगामातला आहे. चार वर्षांपूर्वीच्या वेचणीत एका मुलीची शाळा माझ्या पत्राने सुटली. पत्रात शुद्धलेखनाची चूक नव्हती, कलम चुकले नव्हते, पत्ता बरोबर होता, तिकिटे पुरेशी होती. ते बिनचूक होते, हेच मला आजतागायत गिळता आलेले नाही.

मी तालुक्याच्या न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. गावातले लोक मला वकीलसाहेब म्हणतात आणि मी दर वेळी दुरुस्ती करतो. बसस्थानकावरचा बंद नळ, स्वस्त धान्य दुकानाचा न लागलेला फलक, दवाखान्यातली रिकामी खुर्ची अशा प्रत्येक गोष्टीवर मी पत्र लिहिलेले आहे, आणि प्रत्येक पत्राची स्थळप्रत, म्हणजे आपल्याकडे ठेवायची कार्बन प्रत, माझ्या कपाटात लाल फितीत बांधलेली आहे. माझी पत्नी कमल एकदा म्हणाली, "अजी, तुमच्या पत्रापायी पोस्टमनच्या चपला झिजल्या, सरकारचं काई झिजलं नाई." मी हसलो नाही. कायद्याची थट्टा मला सहन होत नाही. आमच्या वडिलांनी छप्पन साली नागपूरहून परत येऊन घरातले देव काढले आणि त्या रिकाम्या कोनाड्यात राज्यघटनेची प्रत ठेवली. त्या घरात वाढलेल्या माणसाने कागदावर विश्वास ठेवू नये तर कशावर ठेवावा?

ती वर्षे वऱ्हाडावर फार वाईट होती. पाऊस आला तर अवेळी, कापसाला भाव आला तर माल विकून झाल्यावर. मुंबईहून, दिल्लीहून गाड्यांचे ताफे येत. त्यांतून उतरलेली माणसे पऱ्हाटीच्या झाडाला हात लावून छायाचित्र काढून घेत आणि ऊन चढायच्या आत अमरावतीच्या विश्रामगृहात परतत. पुरुष गेला की त्याच्यासाठी नमुना होता, रकाने होते, पंचनामा होता. पण शेत बुडाल्यावर त्याच घरात आवाज चढतो, हात उगारला जातो, तो बाईवर पडतो आणि बाईचा हात मग लेकरावर पडतो, याला कोणत्याही नमुन्यात रकाना नव्हता. दवाखान्यात हात गळ्यात बांधून आलेली बाई सांगत असे की विहिरीवर पाय घसरला. न्यायालयात मी अशी किती प्रतिज्ञापत्रे हाताळली! या तालुक्यातल्या विहिरी खरोखरच इतक्या निसरड्या असत्या, तर पाणीपुरवठा खात्याने त्या केव्हाच बुजवून टाकल्या असत्या.

अशा दिवसांत माझ्या कानावर आले की सातपुड्याच्या पायथ्याच्या एका आश्रमशाळेत काही कोरकू बाया दर गुरुवारी मुलामुलींना गोळा करतात आणि घरातल्या, शाळेतल्या मारहाणीविषयी त्यांच्याशी बोलतात. कोणी साहेब पाठवलेला नाही, कोणी शहरातून आलेले नाही. बाया त्याच डोंगरातल्या, बोली त्यांचीच. मला आनंद झाला आणि लगेच काळजीही वाटली, कारण अशा कामाला कायद्याचा पाया हवा. स्त्रियांच्या संरक्षणाचा नवा कायदा तेव्हा नुकताच लागू झाला होता. मी त्यांना तीन पानी पत्र लिहून तो समजावून सांगण्याची तयारी दर्शवली. उत्तर पत्राने आले नाही. बसच्या कंडक्टरने खिडकीतून ओरडून दिले, "बाबूजी, जानकीबाईनं सांगतलं, या म्हने, बसा म्हने, आयका म्हने!"

जानकीबाई चाळिशीच्या, सातवी शिकलेल्या. वेचणीने बोटांची टोके चिरलेली. त्यांच्याबरोबर फुलाबाई, वयाने मोठ्या, निरक्षर, तोंडाचे बोळके आणि जीभ मात्र धारदार. पहिल्या गुरुवारी त्यांनी मला वर्गाच्या दारापाशी सतरंजीचा तुकडा दिला आणि नियम सांगितले. इथे काही लिहायचे नाही. कोणाचे नाव विचारायचे नाही. मधे बोलायचे नाही. मी म्हणालो, "हजेरीपट नाही, इतिवृत्त नाही, उद्या कोणी विचारले तर तुम्ही काय दाखवाल?" जानकीबाई म्हणाल्या, "पोरी दाखवीन."

त्या गुरुवारांचा वास माझ्या कपड्यांना अजून आहे असे वाटते. शेणाने सारवलेली जमीन, मुलींच्या केसांतले मोहाचे तेल, बाहेर चुलीवर शिजणारी डाळ. सुरुवात गाण्याने व्हायची. ओळीने हातात हात घालून मुली पुढे-मागे पावले टाकत, आणि त्या गाण्याचा एक शब्दही मला कळत नसताना पायाखालची जमीन मात्र हलल्यासारखी वाटे. मग सगळ्या खाली बसत. एका गुरुवारी मुलांची पाळी होती. फुलाबाईंनी त्यांना विचारले की बाप घरात कसा येतो ते करून दाखवा. मोठ्या उत्साहात एक जण उठला, त्याने दाराला लाथ घातली, झोकांड्या खाल्ल्या, चुलीवरचे भांडे उलथे केले. पोरे हसून लोळली. दुसऱ्याने तेच केले, तिसऱ्यानेही तेच. चौथ्या वेळी हसू निम्मे झाले. मग फुलाबाईंनी विचारले, "आता माय कशी बसते थे दाखवा." कोणीही उठेना. एक मुलगा कोपऱ्यात गेला आणि गुडघ्यांत डोके घालून बसला. कितीतरी वेळ तो वर आलाच नाही. शेवटी जानकीबाई त्याच्याजवळ जाऊन तशाच बसल्या.

मला दहा मिनिटे मिळाली ती त्यानंतरच्या आठवड्यात. मी नव्या कायद्याची व्याख्यांची कलमे वाचली. सावकाश वाचली, मराठीत वाचली. पहिल्या रांगेतली मुलगी झोपी गेली.

"बाबूजी," फुलाबाई म्हणाल्या, "ह्याच्यात बाई कुटं हाये? मले तं निस्ते कलमंच दिसले."

"कलमांतच बाई आहे, फुलाबाई."

"मंग लई दाटीवाटीनं बसवली दिसते थिले."

मुली हसल्या. झोपलेली जागी झाली आणि काय झाले ते न कळताच तीही हसली. तीच ती मुलगी, सुगंती. आठवीतली, ओठाच्या कोपऱ्यावर लहानसा व्रण, पाठीवर एकच वेणी.

सुपाची गोष्ट आता सांगितली पाहिजे. वर्गामागच्या कोठीत एक सूप ठेवलेले असे आणि त्याच्यावर जुन्या लुगड्याचा पदर झाकलेला. प्रत्येक मुलीला एक मक्याचा दाणा आणि एक चिंचोका मिळे. एकेकटीने आत जायचे. जिला निर्धास्त वाटते तिने पदराखाली मका ठेवायचा, जिला भीती वाटते तिने चिंचोका. हातात उरलेले दुसरे बी मागच्या दाराने नाल्यात फेकायचे, म्हणजे कोणी काय ठेवले हे कोणालाही कळायचे नाही. पेरणीआधी डोंगरातल्या बाया किडके बी निवडून बाजूला काढतात, तेव्हा त्या बियाण्याला विचारत नाहीत की तू कोणत्या कणसाचे. किडीचा वास कुठून येतो एवढेच बघतात. ही सारी रीत त्यातून आलेली होती.

पहिल्याच खेपेला फुलाबाईंनी माझ्याही तळहातावर दोन बिया ठेवल्या. "तुमी बी जा, बाबूजी. कोनी पाहत नाई."

कोठीत अंधार होता. पदराखाली हात घातला आणि मला माझी आक्का दिसली. मी चौदा वर्षांचा असताना ती सासरहून पळून आली होती. अंगठा सुजून काळा पडला होता. वडिलांनी तिला दोन दिवस ठेवून घेतले, तिसऱ्या दिवशी मला दौत-टाक घेऊन बसवले, कारण माझे अक्षर चांगले होते. "मुलगी लहान आहे, चूक पदरात घ्यावी" असे मजकुरात होते. ते पत्र हातात देऊन तिला बार्शीटाकळीच्या बसमध्ये बसवले. देव काढून टाकणाऱ्या माझ्या वडिलांनी मुलीला परत पाठवण्याची रीत मात्र घरातच ठेवली होती. आक्काचा अंगठा पुढे आयुष्यभर वाकडा राहिला. भाकरी थापताना तो एकटाच वर उभा दिसायचा. माझ्या आयुष्यातले ते पहिले पत्र. मी सुपात चिंचोका ठेवला आणि मका नाल्यात फेकला.

त्यानंतरच्या गुरुवारी सुपाऐवजी तीन टोपल्या आल्या: घर, वाट आणि शाळा. चिंचोका ज्या जागेचा, त्या टोपलीत टाकायचा. संध्याकाळी पदर काढले. घराच्या टोपलीत होते, वाटेच्या टोपलीत होते. पण शाळेच्या टोपलीचा तळ दिसत नव्हता. जानकीबाईंनी त्यात हात घातला आणि ते चिंचोके बोटांतून परत परत खाली सोडले.

त्या शाळेचा वसतिगृह अधीक्षक मुलींना एकेकटीला आपल्या निवासस्थानी भांडी घासायला, झाडायला बोलावत असे. जी नाही म्हणे तिला छडी बसे आणि त्या दिवशीचे जेवण बंद होई. जी जाई ती परत आल्यावर बोलत नसे. याहून अधिक मी लिहिणार नाही. मुलींनीही याहून अधिक सांगितले नाही आणि न सांगताच ते साऱ्यांना कळलेले होते.

मी तिथल्या तिथे उभा राहिलो. "आजच खबर दिली पाहिजे."

जानकीबाई म्हणाल्या, "आया खाली वेचणीले गेल्या हायेत. त्याईले येऊ द्या. एकटं लेकरू बोललं तं थेच मार खाते. साऱ्या आया एका रांगेत उभ्या राह्यल्या तं कोनाले मारन थो?"

"वेचणी संपायला दोन महिने आहेत! गुन्ह्याची खबर उशिरा दिली तर न्यायालय पहिला प्रश्न उशिराचाच विचारते."

"तुमचं कोर्ट विचारन थे विचारन. पन पोरगी आज सांजीले इथंच जेवन ना, बाबूजी?"

मी रागावलो. खरे तर त्या हातावर हात ठेवून बसल्या नव्हत्या. फुलाबाईंनी त्याच दिवसापासून शाळेच्या स्वयंपाकघरात मदतीला राहायचे ठरवले. म्हातारीला थंडी बाधते या सबबीवर त्या मुलींच्या खोलीत दाराला टेकून झोपू लागल्या, आणि अधीक्षकाचे बोलावणे आले की प्रत्येक मुलीबरोबर "मी बी येतो, भांडे मीच घासतो" म्हणत स्वतः जाऊ लागल्या. हे संरक्षण होते. पण त्याला जावक क्रमांक नव्हता, म्हणून मला ते दिसले नाही.

आठवड्याने मी हापशीवर हात धूत असताना सुगंती जवळ आली.

"बाबूजी, तुमी लिवता ना? माजं नाव लिवा."

"तुला जानकीबाईंनी सांगितले आहे ना, नाव द्यायचे नाही म्हणून?"

"आमाले मराठीत अर्ज शिकवला. त्याच्यात खाली नाव असते. नाव नसन तं साहेब म्हनते खोटं हाये." मग म्हणाली, "मले धाव्वी शिकायची हाये. थो राह्यला तं मी घरी पळून जाईन, मंग माजी शाळा जाईन."

न्यायालयात उभे आयुष्य काढून मला कोणी इतके सरळ निवेदन दिले नव्हते. मी पिशवीतून कागद काढले, दोन कार्बन लावले, आणि हापशीच्या कट्ट्यावर बसून तिने सांगितलेले लिहून घेतले. तिने खाली सही केली. 'सु'चा उकार लांब खाली ओढलेला होता.

"ही चिठ्ठी कोनाले जाईन?"

"सगळ्यात वरच्या साहेबांना."

"वरून खाली तं नाई येनार ना?"

मी हसलो. त्या हसण्याचा मला आज संताप येतो. मी तिला म्हणालो, "बाळ, पत्र वर जाते. खाली येतो तो आदेश."

जानकीबाईंना मी विचारले नाही. सांगितलेही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नोंदणीकृत पोचदेय डाकेने पत्र रवाना केले आणि पोस्टातून येताना कमलसाठी पानमळ्यातली कोवळी पाने घेऊन आलो, एवढा मी प्रसन्न होतो.

दोन आठवड्यांच्या आत उत्तर आले. माझ्या हयातीत इतक्या लवकर आलेले ते पहिले उत्तर. मी ओसरीवर उभा राहून ते कमलला मोठ्याने वाचून दाखवले. "पाहिलेस? हालचाल झाली. ऐक: अर्जदाराचे मूळ पत्र सोबत जोडले असून, मुख्याध्यापकांनी अधीक्षकांकडून वस्तुस्थितीदर्शक अहवाल घेऊन तो तत्काळ सादर करावा."

कमल तूर निवडत होती. तिने मान वर केली. "अधीक्षक म्हंजे कोन?"

मी पुन्हा वाचले. मग खाली बसलो.

"थोच ना जी?" ती म्हणाली. "म्हंजे तुमचं पत्र त्याच्याच हातात गेलं. अन् पोरीची सही खाली."

मिळेल त्या गाडीने मी शाळेत पोहोचलो. स्वयंपाकघराला कुलूप होते आणि फुलाबाईंना शाळेच्या आवारात यायला मनाई झाली होती. सुगंतीचा दाखला दोन दिवसांपूर्वी निघाला होता. शाळा सोडण्याचे कारण या रकान्यात लिहिले होते: पालकांच्या विनंतीवरून. वेचणीच्या शेतातून बापाला बोलावून, कशाला हे न सांगता, त्याचा अंगठा घेतला होता. मी मुख्याध्यापकांपुढे कलमे म्हटली. ते म्हणाले, "साहेब, तुमच्याच पत्रावर कार्यवाही केली आम्ही," आणि त्यांनी मला चहा मागवला. चहा!

फाटकाबाहेर जानकीबाई उभ्या होत्या. त्या ओरडतील याची मी वाट पाहिली. त्या एवढेच म्हणाल्या, "कागद हाती आला का तुमाले दम नसते, बाबूजी. आमी जे झाकून ठेवलं थे तुमी पाकिटात घालून धाडलं." आणि वळून चालू लागल्या.

सुगंतीचे आईबाप बार्शीटाकळीच्या बाजूला वेचणीवर होते एवढेच कळले. अकोल्याला गाडी बदलून मी तिकडे गेलो आणि चार दिवस शेतामागून शेत धुंडाळले. मेलेल्या आक्काच्या सासरचा तो तालुका. तिथे मी तोवर फक्त तिच्या मातीला गेलो होतो. दुपारच्या उन्हात पांढरी शेते डोळ्यांना खुपत. कमरेला ओटी बांधलेल्या बाया वाकून पुढे सरकत, दोन्ही हात दोन झाडांवर, आणि बोंडाची वाळलेली टोके बोटांत घुसली की क्षणभर थांबून बोट तोंडात घालत. चौथ्या दिवशी एका धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, मला ती एकच वेणी दिसली. ओटी तिच्या अंगाला मोठी होती. मी हाक मारली. तिने वळून पाहिले, हातातला कापूस ओटीत ठेवला आणि मगच जवळ आली.

"तुमचं पत्र पोचलं, बाबूजी," ती म्हणाली. "त्यालेच पोचलं."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. परीक्षेचा निकाल सांगावा तसे तिने सांगितले. तिच्या आईने मला तांब्याभर पाणी दिले, कारण उन्हात आलेल्या माणसाला पाणी द्यायचे असते. पण मी पिऊन होईपर्यंत ती दुसरीकडे पाहत राहिली. मी माफी मागितली. शेतात उभे राहून मागितलेली माफी फार लहान वाटते.

त्याच धुऱ्यावर दोन दिवसांनी जानकीबाई पोहोचल्या, हे मला नंतर कळले. त्या आणि फुलाबाई अकोट, तेल्हारा, बार्शीटाकळी अशा शेताशेतांतून पायी फिरल्या. प्रत्येक आईपाशी त्या सबंध दिवस वेचणी करत आणि वेचता वेचता बोलत. पंधरा दिवसांत आया हंगाम अर्धा टाकून डोंगराकडे परतल्या. हंगाम टाकणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी दाण्याची कणगी हंगामावर भरते त्यांनाच कळेल. त्या शाळेच्या फाटकासमोर बसल्या. घोषणा नाहीत, फलक नाही, निवेदन नाही. चौकशीला मोठे साहेब आले तेव्हा एकेक आई उठली, आपल्या मुलीचे नाव घेतले आणि साहेबांच्या टेबलावरच्या काचेवर एक चिंचोका ठेवून परत जागेवर बसली. सुगंतीची आईही उठली. शेवटी साहेबांनी आपली फाईल उचलून मांडीवर घेतली, कारण टेबलावर जागा उरली नव्हती.

अधीक्षकाची बदली झाली. बदली! गुन्हा ज्या हातांनी केला ते हात घेऊन माणूस दुसऱ्या शाळेत रुजू होतो, आणि याला आमच्या प्रशासनात कारवाई म्हणतात. त्या एका शब्दाविरुद्ध मी पुढे लिहिलेल्या पत्रांचे स्वतंत्र दप्तर झाले आहे. सुगंतीचा दाखला रद्द करून तिला परत घ्यावे यासाठीही लिहिले. पालकांच्या विनंतीवरून काढलेली मुलगी पालकांच्या विनंतीशिवाय घेता येत नाही असे उत्तर आले. मग बापाचा अर्ज, मग त्या अर्जाची छाननी. प्रवेशास हरकत नसल्याचा आदेश हाती पडला तेव्हा वार्षिक परीक्षा होऊन गेली होती. तो घेऊन मी तिच्या गावी गेलो. तिने वाचला, घडी घातली आणि म्हणाली, "त्या खोलीत मी नाई झोपनार."

पुढच्या हंगामांत तिच्या खबरा तुटक येत राहिल्या. ती जानकीबाईंबरोबर गुरुवारी जाते. तिने सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसायचे ठरवले. बसली. गणितात राहिली. पुन्हा बसली, पुन्हा गणितात राहिली.

आणि परवा, त्या टेम्पोनंतर चार दिवसांनी, कमलने मला आतून हाक मारली, "अजी, तुमच्याकडे कोनी पोरगी आली."

सुगंती ओसरीच्या पायरीवर उभी होती. उंच झालेली, ओठाजवळचा व्रण तसाच, बोटांची टोके चिरलेली. कमलने तिला आत बसवले, ज्वारीची भाकरी आणि तुरीच्या शेंगांची आमटी वाढली. जेवून झाल्यावर तिने सरळ विषयाला हात घातला.

"थो अधीक्षक आता ज्या शाळेत हाये, तिथं आमचा गुरुवार सुरू झाला. पोरी सुपात काईच टाकत नाई. दोनी बिया नाल्यात फेकते. म्हंजे भ्याल्या हायेत. मी त्याईले माजं सांगनार हावो. मले तो कागद पायजे, माज्या सहीवाला."

"स्थळप्रत?" मी म्हणालो. "तिची नक्कल करून देतो. मूळ दप्तरातून स्थळप्रत बाहेर देता येत नाही. उद्या प्रकरण उभे राहिले तर तोच पुरावा आहे."

"नक्कल नको. पोरी हात लावून पाहतीन."

"अगं, पण दप्तर अपुरे राहील."

"देऊन टाका जी," कमल स्वयंपाकघरातून म्हणाली. "चार वर्स झाले, तुमचं दप्तर त्याच्यावर कोंबडीवानी बसून हाये. काई निंगालं त्याच्यातून?"

मी कपाट उघडले. लाल फीत सोडली. पहिलेच पान. कार्बनची निळी अक्षरे अजून स्पष्ट होती आणि तळाशी 'सु'चा तो लांब ओढलेला उकार. सुगंतीने कागद दोन्ही हातांत धरून सबंध वाचला, ओठ हलवत. मग स्वतःच्या सहीवर बोट ठेवून म्हणाली, "कसं वाकडं काढत होती मी तवा."

"हे पत्र आता कोणाला द्यायचे आहे का?" मी विचारले. सवयीने विचारले. "पत्ता सांगितलास तर पाकीट करून देतो."

"नाई, बाबूजी. हातानं नेतो. साऱ्या जनी मिळून नेतो." तिने कागदाची घडी केली आणि पोलक्यात ठेवली. पायरी उतरताना वळून म्हणाली, "तुमी येता का? येजा. दारापाशी बसजा. काई लिवू नका."

मी येतो म्हणालो. गुरुवार उद्या आहे. पिशवीतून मी कागद, कार्बन आणि पेन काढून टेबलावर ठेवले आहेत आणि पिशवी इतकी हलकी झाली आहे की ती खांद्याला लागतच नाही.

ती गेल्यावर मी दप्तराला पुन्हा फीत बांधायला घेतली. पान एकची जागा मोकळी सोडणे नियमात बसत नाही. न्यायालयात आम्ही अशा ठिकाणी कोरा कागद लावून कारण नोंदवत असू. मी कोरा कागद घेतला, वर पृष्ठ क्रमांक एक घातला आणि त्याखाली लिहिले: स्थळप्रत जिची, तिने नेली. पोच मागवू नये.